भावाच्या ट्रॅक्टरची मोजणी

मुलांनो, तुमच्यातली थोरली सध्या काय शिकते आहे ते मला फोनवर नीट कळलं नव्हतं, म्हणून मी तिला पुन्हा विचारलं. ती म्हणाली, "आजी, इथल्या जंगलात यंत्रं झाडं तोडतात आणि ओंडके ओढून आणतात. तासाला किती काम होतं ते मी मोजते." मग तिने फोटो पाठवला. बर्फ, सरळ उंच झाडं, एक पिवळं यंत्र, आणि त्याच्याशेजारी हेल्मेट घालून हसणारी आमची नात. त्या फोटोवर मी काहीच उत्तर पाठवलं नाही. तिला वाईट वाटलं असं तुमच्या आईने मला सांगितलं. तेव्हा कारण लिहून ठेवते.

हे काम मी फार पूर्वी पनवेलला जवळून पाहिलेलं आहे. ज्याचं काम मोजलं गेलं तो माझा धाकटा भाऊ होता. तुम्ही त्याच्याबद्दल कधी ऐकलेलं नाही, कारण मीच कधी सांगितलं नाही. आता क्रमाने सांगते.

तेव्हा पनवेलला रेल्वे आलेली नव्हती. एस.टी. होती, खाडीवरचं बंदर होतं आणि लाकडाच्या वखारी होत्या. आमचं घर वखारींच्या रस्त्याला लागून, त्यामुळे आमच्या खिडक्यांच्या गजांवर सदा भुसा असायचा. सकाळी पुसला तरी दुपारी बोट फिरवलं की रेघ उठायची. लाकूड यायचं माथेरानच्या पायथ्याच्या रानातून. सरकार रानाचा एकेक तुकडा आखून तोडीला द्यायचं, त्याला कूप म्हणत. लिलावात जो कंत्राटदार कूप घेईल त्याची माणसं दिवाळीनंतर रानात जायची. ठाकूर मंडळी कुऱ्हाडीने आणि करवतीने झाडं पाडायची. पडलेले ओंडके उतारावरून बैलांनी ओढून रस्त्यापर्यंत आणायचे हे काम गव्हाणकडच्या आगरी गाडीवाल्यांचं. भाताची कापणी-झोडणी उरकली की ते आपले बैल घेऊन रानात यायचे आणि पावसाच्या तोंडाला घरी परत जायचे. वर्षातला निम्मा घरखर्च त्यांना या कामातून मिळायचा.

आमच्या घरात आम्ही तिघं. आई गेलेली. आप्पा म्हणजे माझे वडील मामलेदार कचेरीत अव्वल कारकून होते आणि नुकतेच निवृत्त झाले होते. मी बी.ए. होऊन मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. आणि भाऊ. तो मॅट्रिकला इंग्रजीत नापास झाला, पुन्हा बसला, पुन्हा नापास झाला, असं चालू होतं. शेवटच्या निकालानंतर आप्पांनी त्याच्याशी बोलणं सोडलं. रागावून ओरडून नव्हे. ते फक्त त्याच्याशी थेट बोलेनासे झाले. पाटावर तो समोर बसलेला असायचा आणि आप्पा मला सांगायचे, "त्याला विचार, रात्री कंदील कोणी मालवला नाही." तो मला सांगायचा, "आप्पांना सांग, मी विसरलो." मी कोणालाच काही सांगायची नाही, कारण दोघांनाही ऐकू आलेलं असायचं.

एकदा मी धीर करून आप्पांना विचारलं, हे किती दिवस चालणार. ते म्हणाले, "त्याला कुठेतरी कायमची नोकरी लागू दे. मग बोलेन." आप्पा शब्दाचे पक्के होते. मी ते भावाला सांगितलं. त्या दिवसापासून त्याच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

त्या सुमारास आमच्या ओळखीच्या एका लाकडाच्या शेठने मुंबईहून एक जुना ट्रॅक्टर आणला. हल्ली शेतांत दिसतो तसा रबरी चाकांचा नव्हे. त्याला लोखंडी पट्टे होते आणि मागे एक मोठं रीळ होतं, त्यावर तारेचा जाड दोर गुंडाळलेला. दोर सोडत नेऊन ओंडक्याला फास घालायचा, रीळ फिरवलं की ओंडका ओढला जातो. शेठला चालवणारा हवा होता. भाऊ हंगामी म्हणून लागला. ट्रॅक्टरबरोबर इंग्रजीत छापलेलं जाडजूड माहितीपुस्तक आलं होतं. ते तो घरी घेऊन आला आणि माझ्या मांडीवर ठेवून म्हणाला, "ताई, तुझ्या विषयात मी परत अडकलो."

संध्याकाळी मी वाचायची, मराठीत सांगायची, आणि तो ओट्यावर पाय सोडून ऐकायचा. त्याने एक शब्द लिहून घेतला नाही. पण कुठला खटका कधी दाबायचा, उतारावर क्लच कसा सोडायचा, दोर रिळावर एकावर एक चढू नये म्हणून काय करायचं, सगळं त्याला पाठ झालं. म्हणायचा, "बोर्डाने या पुस्तकावर पेपर काढला असता तर आज मी तुझ्या शाळेत हेडमास्तर असतो."

"मुलींच्या शाळेत?"

"मग काय, तू शिपाई."

आप्पा आत झोपाळ्यावर असायचे. झोपाळ्याच्या कड्या आम्ही हसलो की वाजायच्या थांबायच्या.

रानात तो लगेच रमला. गाडीवाल्यांचा मुकादम वयाने मोठा, काळा, उंच, कानात भिकबाळीसारखी बारीक कडी. भाऊ त्याला मामा म्हणायचा आणि तो भावाला पोरा म्हणायचा. खरं तर यंत्र आणि बैल एकाच कामावरचे, वैर असायला हवं होतं. पण तेव्हा चढणीची, दगडधोंड्यांची बाजू बैलांकडे होती आणि ट्रॅक्टर नुसता सपाटीच्या वाटेवर चालायचा, त्यामुळे कोणाला भीती वाटली नाही. भाऊ त्यांच्याबरोबर जेवायचा. आपण मॅट्रिकला किती वेळा आपटलो हे त्यानेच त्यांना रंगवून सांगितलेलं. आपले वडील आपल्याशी का बोलत नाहीत तेही सांगितलेलं. घरात जे दार लावून ठेवलेलं असतं ते तो तिथे सताड उघडून बसायचा.

हंगाम निम्मा झाल्यावर शेठने ठरवलं की यंत्र परवडतं की नाही ते मोजून घ्यायचं. मुंबईहून एक तरुण साहेब येणार होते, घड्याळ लावून मोजणारे. आकडा चांगला आला तर यंत्र ठेवायचं आणि भावाला कायम करायचं, असा शेठचा शब्द होता. भाऊ घरी येऊन म्हणाला, "ताई, परत परीक्षा." हेच वाक्य तो रानातही बोलला असणार.

मोजणीच्या दिवसांत एक दिवस मला सुट्टी होती. मी डबा घेऊन रिकाम्या लॉरीतून रानात गेले. साहेब सभ्य होते. इंग्रजी बोलणारी बाई रानात भेटल्याने ते खूश झाले आणि त्यांनी मला सगळं समजावलं. एका खेपेचे ते तुकडे पाडत: रिकामा ट्रॅक्टर वर जाणं, दोर ओढत नेणं, फास घालणं, ओढणं, खाली येणं, ओंडका सोडणं. प्रत्येक तुकड्याला किती वेळ लागला ते गळ्यातल्या स्टॉपवॉचवर बघून ते लिहीत. ओंडक्याची लांबी आणि घेर फितीने घेत. संध्याकाळी बेरीज केली की तासाला किती घनफूट लाकूड आलं ते निघे. सकाळी एका बाईने ट्रॅक्टरपुढे नारळ फोडला, तेव्हा साहेबांनी तेवढा वेळसुद्धा 'इतर कारणांनी थांबणे' या रकान्यात टाकला. भावाने मला डोळा मारला.

मी तिथे एका दगडावर बसून दिवसभर पाहत होते. भाऊ यंत्रावर बसला की वेगळा दिसायचा. घरात तो खांदे पाडून वावरायचा, इथे ताठ. ट्रॅक्टर वर जायचा, थांबायचा, दोर सुटायचा आणि फास घालणारा माणूस चार पावलं जातो न जातो तोच ओंडक्यापाशी पोचलेला असायचा. सगळे ओंडके वाटेला लागूनच होते. त्यांची जाड बाजू ट्रॅक्टरकडे होती आणि पुढचं टोक कुऱ्हाडीने गोल करून ठेवलेलं होतं, म्हणजे जमिनीत रुतायला नको. मला वाटलं, जंगलात असंच असतं. साहेबांनाही रान नवीन होतं. भाऊ दुपारी भाकरी खाताना म्हणाला, "आज नशीब जोरावर आहे. मामाने सोपी बाजू आधी काढलेली दिसते." पलीकडे ठाकरांच्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. मुकादम कमरेवर हात ठेवून उभा होता. मुलाच्या वर्गाबाहेर बाप उभे असतात तसा.

आकडा फार चांगला आला. शेठने स्वतः घरी येऊन आप्पांना सांगितलं, "पोरगा हिरा आहे तुमचा. पुढच्या महिन्यापासून कायम." शेठ गेल्यावर आम्ही जेवायला बसलो. मी भात वाढत होते. आप्पांनी माझ्याकडे न बघता, समोर बघून म्हटलं, "तूप घे अजून."

भावाने ताट पुढे केलं. घाईत तूप काठावर सांडलं. आप्पा म्हणाले, "सावकाश." बस. एवढंच. मी स्वयंपाकघरात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिले.

त्यानंतरचे थोडे आठवडे आमच्या घरातले सर्वांत चांगले दिवस होते. आप्पा विचारायचे, यंत्राला डिझेल किती लागतं, शेठ माणूस कसा आहे. भाऊ एका प्रश्नाला दहा वाक्यांत उत्तर द्यायचा. आप्पा एकदा असंही म्हणाले, "येऊन बघेन एकदा तुझं यंत्र." त्या रात्री भाऊ मला म्हणाला, "लॉरीत आप्पांना पुढे बसवू. मागे धूळ फार."

पण रानात वेगळं घडत होतं. शेठने साहेबांचा आकडा धरून हिशेब मांडला. एका ट्रॅक्टरने एवढं लाकूड निघतं तर इतके बैल कशाला? त्याने गाडीवाल्यांना होळीआधीच घरी जायला सांगितलं. फास घालणारी ठाकरांतली माणसंही कमी केली. आणि भावाला सांगितलं, मोजणीत जेवढं काढलंस तेवढं रोज निघालं पाहिजे. शेठचं यात काही चुकलं असं मी म्हणणार नाही. त्याच्यापुढे कागद होता आणि कागदावर साहेबाची सही होती.

तेवढं लाकूड निघेना. भाऊ अंधार पडायला घरी यायचा, अंगभर माती. सकाळी उजाडायच्या आत जायचा. तरी निम्मंसुद्धा होत नव्हतं. दोर आता लांब घळीत उतरवावा लागायचा. ओंडके आडवेतिडवे पडलेले, खुंटांना अडकायचे. त्याला वाटलं, आपलंच काहीतरी चुकतंय. एका संध्याकाळी ते माहितीपुस्तक पुन्हा माझ्यापुढे ठेवून म्हणाला, "ताई, पहिल्यापासून वाच. तेव्हा जमलं आणि आता जमत नाही म्हणजे काहीतरी वाचायचं राहिलंय."

मी पहिल्या पानापासून वाचलं. राहिलेलं काही नव्हतं.

त्यानंतरच्या रविवारी मुकादम आणि त्याची बायको आमच्या दारात आले. तिच्या डोक्यावर टोपली, टोपलीत नव्या तांदळाचे पोहे आणि गूळ. घरी बसवलेली माणसं ती, पण तक्रार करायला आलेली नव्हती. ओसरीवर बसत मुकादम मोठ्याने म्हणाला, "आप्पा, पोर पास जाला, तं आमी तोंड गोड कराया आलूं. तुमी तं काय आमाला बोलावलां नाय."

आप्पा हसले. मी पाणी आणून दिलं. भाऊ आतून आला, त्याने मुकादमाच्या पायांना हात लावला.

मुकादमाची बायको म्हणाली, "आता तू मोटा मानूस जालास. शेटला सांग ना, आमच्या बैलांना पन काम ठेव थोरां. घरी बसून बैल खातान आनि हे पन खातान."

"मी सांगितलं मामी. शेठ आकडा दाखवतात."

"आकरा!" मुकादम हसला. मांडीवर थाप मारून म्हणाला, "त्यो आकरा आमचाच हाय की! बाय, तुज्या भावाच्या परीक्षेला आमी काय कमी मेनत केली? फाटं अंदारात उठायचं, बैल जुंपायचं, घलीतला येकेक लाकूर वर वाटेवं आनून मांडायचं. बायांनी वाटेतलं धोंडं येचलं. वर आनि बैलांची पावलां झाडाच्या फांदीनं झाडून काहाडली, सायबाला दिसाया नको. ह्या वक्ताला पोराला नापास होऊ द्याचाच नाय, आमी बोललूं. बिचाऱ्याचा बापूस बोलत नाय त्याच्याशी."

हे वाक्य त्याने आप्पांच्या समोर बसून म्हटलं, आणि त्यात टोमणा नव्हता. त्याला वाटत होतं, चांगलं काम सांगतोय.

मुकादमाची बायको नवऱ्याच्या तोंडाकडे, मग आमच्या तोंडांकडे बघायला लागली. "काय जालां?" तिने विचारलं. मी म्हटलं, "काही नाही. पोहे छान आहेत." मी अजून टोपलीवरचं फडकंसुद्धा काढलेलं नव्हतं.

भाऊ जमिनीकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर मी राग शोधला, पण तो नव्हता. तो अगदी हळू म्हणाला, "मामा, किती दिवस केलंत हे?"

"सायब व्हता तवर. रोजचां."

"झोपलात कधी?"

"बैल झोपलं ना!" आणि तो पुन्हा हसला.

ती दोघं गेल्यावर आप्पांनी दार लावलं. ते भावासमोर येऊन उभे राहिले. हयातभर कचेरीत त्यांनी एक पै इकडची तिकडे होऊ दिली नव्हती. लोक त्यांना नावं ठेवायचे, इतके ते काटेकोर. ते म्हणाले, "पेपर तपासून झाला आहे. निकाल लागला आहे. कोणाजवळ बोलू नकोस."

"आप्पा, त्या माणसांचं काम गेलं."

"पुढल्या वर्षी लागेल. तुझी नोकरी पुढल्या वर्षी लागणार नाही. गप्प राहायचं."

आप्पांच्या तोंडून असं काही मी कधी ऐकलं नव्हतं. मला त्यांचा तेव्हा राग आला. आता येत नाही. मुलगा पुन्हा पडेल या भीतीपुढे त्यांची सगळी शिस्त टिकली नाही. त्यांनी ती फक्त त्याच्यासाठी मोडली.

मागच्या दारी भाऊ विहिरीच्या काठावर बसला होता. मी जवळ गेले. तो म्हणाला, "मला वाटत होतं मला यंत्र चालवता येतं."

"येतंच तुला."

"कुणास ठाऊक. ते कधी मोजलंच गेलं नाही." मग म्हणाला, "बोललो तर आप्पा परत गप्प होतील ना?"

मोठ्या बहिणीने काय सांगायचं असतं ते मला आजही ठरवता येत नाही.

दुसऱ्या दिवशी तो शेठकडे गेला. शेठला आधी खरं वाटेना, मग हसू आलं. म्हणाला, "अरे वेड्या, चांगला लागलेला निकाल कोणी परत तपासायला देतं का?" पण रोजचं लाकूड कमी येत होतं हे शेठलाही दिसत होतं. साहेबांना पुन्हा बोलावलं गेलं.

त्या दुसऱ्या मोजणीला मी नव्हते. तिथलं मला पुढे मुकादमाकडून कळलं. गाडीवाले आपणहून रानात आले होते, पुन्हा मदत करायला. भावाने त्यांना एका आंब्याखाली बसवलं आणि शपथ घातली की कोणी उठायचं नाही. तो घळीत उतरायचा, फास घालायचा, वर येऊन ओढायचा, ओंडका खुंटाला अडकायचा, पुन्हा उतरायचा. साहेब लिहीत होते. मुकादमाला बघवेना. तो आंब्याखालून ओरडला, "मुद्दाम नापास व्हतंस काय रं, पोरा?"

भाऊ वरून म्हणाला, "मुद्दाम नाही मामा. खरंच एवढंच होतंय."

आकडा आला तो पहिल्याच्या निम्म्यालाही लागत नव्हता. साहेबांनी सांगितलं, हे डोंगर या यंत्राला योग्य नाहीत, सपाट रानात ते बरं चालेल. शेठचं कारवारकडच्या रानात भागीदारीत काम होतं. ट्रॅक्टर तिकडे पाठवायचं ठरलं. गाडीवाल्यांना निरोप गेला, बैल घेऊन या. भावाला शेठने सांगितलं की कायमचं आता विसर, पण यंत्राबरोबर रोजंदारीवर जायचं असेल तर जा. शेठला त्याची कीव आली असावी.

आप्पा पुन्हा गप्प झाले. पहिल्यापेक्षा जास्त. आता ते माझ्यामार्फतही बोलत नव्हते. सकाळी तो आंघोळीला गेला की त्याच्या अंथरुणाची घडी आप्पा घालायचे, हे मी पाहिलं. पण बोलायचे नाहीत. मी एकदा म्हटलं, "आप्पा, त्याने खरं सांगितलं म्हणून तुम्ही त्याला शिक्षा करता?" ते म्हणाले, "शिक्षा नाही गं." आणि उठून गेले. त्यांनी ज्याला गप्प राहायला सांगितलं होतं त्याच्यासमोर त्यांना तोंड उघडता येत नव्हतं, असं मला वाटतं. पण भावाला हे कळायला मार्ग नव्हता. त्याला एवढंच दिसत होतं की तो पुन्हा नापास झाला.

तो निघाला त्या दिवशी आप्पा एस.टी. स्टँडवर आले. आम्ही बोलावलं नव्हतं, आमच्या मागून काही अंतर ठेवून चालत आले. भाऊ खिडकीत बसला. कंडक्टर घंटी मारायच्या बेतात होता. आप्पा खिडकीखाली उभे राहून माझ्याकडे वळून म्हणाले, "त्याला सांग, तिकडे गार असतं. कानाला बांधून झोप म्हणावं."

भाऊ म्हणाला, "आप्पांना सांग, हो."

तिथे मी दोघांच्या मधे उभी होते. मी दोघांपैकी कोणाचा तरी हात धरून दुसऱ्याच्या हातात द्यायला हवा होता, असं तुम्हाला वाटेल. आमच्याकडे तसं कोणी करत नसे. गाडी सुटली.

पहिला पावसाळा तिकडे काढताना त्याला ताप आला. त्या रानातला ताप तेव्हा फार वाईट समजला जायचा. जवळ दवाखाना नव्हता. तार आली तेव्हा सगळं होऊन गेलेलं होतं. आम्हाला त्याला बघायला मिळालं नाही. तो चोवीस वर्षांचा होता.

माझ्या रडण्याबद्दल लिहीत नाही.

गाडीवाल्यांना बातमी कशी कळली कोण जाणे. भाताची लावणी आटोपली होती. ते सगळे एकत्र आले, बायका-पुरुष, चिखलाचे पाय आमच्या दारातल्या पाण्याच्या दगडी डोणीवर धुऊन ओसरीवर बसले. मुकादमाच्या अंगावर धुतलेला सदरा होता, त्याच्या बाह्या त्याने मनगटांपर्यंत खाली ओढून धरल्या होत्या. त्याने आप्पांकडे एकदाही पाहिलं नाही. थोड्या वेळाने तो म्हणाला, "आमीच मारला त्याला, आप्पा. आमी मदत नसती केली तं..."

बायकोने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

आप्पा झोपाळ्यावरून उठले. मला वाटलं आता काही कठोर बोलतील, आणि मी घाबरून पुढे झाले. पण ते ओसरीवर जाऊन मुकादमाच्या समोर, खाली जमिनीवर बसले. आप्पांना मी त्याआधी कधी जमिनीवर पाटाशिवाय बसलेलं पाहिलं नव्हतं. ते म्हणाले, "मी त्याचं काम कधी बघितलं नाही. येतो म्हणालो होतो, आलो नाही. कसा चालवायचा तो, मला सांगा."

मुकादम म्हणाला, "कसा म्हंजे... बरा चालवायचा."

"तसं नको. पहिल्यापासून सांगा. सकाळी आला की काय करायचा?"

मुकादम माझ्याकडे बघायला लागला. मी मान हलवली. मग त्याने सुरुवात केली. सकाळी यायचा, पहिलं पट्ट्यांतली माती काठीनं काहाडायचा. मग तेल बघायचा. मग वर चढून बसायचा. "बसला का आसा ताट," मुकादम म्हणाला आणि स्वतः ताठ बसून दाखवलं. दोर कसा सोडायचा ते त्याने दोन्ही हात लांब करून दाखवलं. दुसरा एकजण म्हणाला, "नाय, डाव्या हातानं सोडायचा त्यो." त्यावर त्यांच्यात थोडा वाद झाला, डावा की उजवा. एक बाई म्हणाली, डावाच, मी बघितलंय. ती रडत होती आणि वादही घालत होती.

आप्पा एकेकाच्या हातांकडे बघत होते. मी आत जाऊन चहाचं आधण ठेवलं. बाहेरून मुकादमाचा आवाज येत होता, लाकूड खुंटाला अडकलं तर पोर काय करायचा ते तो सांगत होता. तो जरा थांबला की आप्पांचा आवाज यायचा, "मग? पुढे?" चहा झाला, पुन्हा टाकला, पुन्हा झाला. संध्याकाळपर्यंत ते सांगत राहिले आणि आप्पा विचारत राहिले.